सीडीवर फाइल नसते : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

सीडीसंग्रहाच्या बिनचूक लॉसलेस, म्हणजे आवाजातले काहीही न गाळलेल्या, प्रती संगणकावर काढण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. सीडी डिजिटल असल्यामुळे कोणत्याही प्रोग्रॅमने काढलेली प्रत सारखीच निघते, म्हणून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा काटेकोर प्रत काढणारा प्रोग्रॅम वापरून एकेका डिस्कवर पाऊण तास घालवणे हे निव्वळ सोवळे आहे, आणि ॲक्युरेटरिपचा, म्हणजे इतरांच्या प्रतींच्या नोंदी असलेल्या ऑनलाइन डेटाबेसचा, दाखला देणे म्हणजे बहुमताने सत्य ठरवणे आहे, असे आपण म्हटले आहे. ड्राइव्हचा ऑफसेट दुरुस्त केल्याने आवाज सुधारतो, या माझ्या विधानालाही आपला आक्षेप आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर आपले बरोबर आहे आणि माझे चुकले आहे. प्रत्येक ड्राइव्ह ठरावीक सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापे) आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतो; हाच त्याचा ऑफसेट. माझ्या ड्राइव्हच्या बाबतीत हा फरक ६ सॅम्पलचा, म्हणजे सेकंदाच्या सात हजाराव्या भागाहूनही कमी आहे. त्याने आवाजात काडीचाही फरक पडत नाही. आपली प्रत इतरांच्या प्रतीशी ताडून पाहता यावी, यासाठीच ती दुरुस्ती लागते. ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. विंडोजमध्ये सीडी उघडली की ज्या सीडीए फाइली दिसतात, त्या अवघ्या ४४ बाइटच्या खुणा असतात. त्यांत गाणे नसते. १९८० मध्ये ठरलेल्या मानकानुसार ऑडिओ सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग असतात आणि प्रत्येक भागातले २३५२ बाइट सगळेच्या सगळे आवाजाचे असतात. डेटा सीडीवर तेवढ्याच जागेत माहिती २०४८ बाइटच असते आणि उरलेली जागा मुख्यतः चुका ओळखण्यासाठी व सुधारण्यासाठी राखलेली असते. त्यामुळे डेटा सीडी खराब झाली तर फाइल उघडत नाही, आणि निदान आपल्याला ते कळते तरी. ऑडिओ सीडीला हे दुसरे संरक्षण नाही. दोन्ही प्रकारच्या सीडींवर असणाऱ्या चूक-दुरुस्तीच्या पहिल्या थराला न सुधारणारी चूक आली, की ड्राइव्ह शेजारच्या सॅम्पलवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज अस्सल म्हणून आपल्या हाती ठेवू शकतो. ऐकण्यासाठी हे योग्यच आहे, पण प्रत काढताना तोच अंदाज कायमचा होऊन बसतो.

माझ्याकडे ख्यालगायनाची एक जुनी डिस्क आहे, तिच्या कडेपासून आत गेलेला एक तिरका चरा आहे. लॅपटॉपच्या ड्राइव्हने शेवटचा ट्रॅक बर्स्ट पद्धतीने, म्हणजे एकदाच सलग वाचून, विनातक्रार उतरवून दिला. पुन्हा उतरवला तर चेकसम, म्हणजे प्रतीतल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, वेगळा आला. हेडफोन लावून दोन्ही प्रती ऐकल्या, मला फरक कळला नाही. मग एक प्रत उलट्या फेजने, म्हणजे तिची ध्वनिलहर उलटी करून, दुसरीत मिसळली. प्रती सारख्या असत्या तर पूर्ण शांतता मिळायला हवी होती. पण एका ठिकाणी सेकंदाला तीन-चार वेळा, अगदी एकसारख्या अंतराने, बारीक टिकटिक ऐकू आली, कारण डिस्कच्या प्रत्येक फेऱ्यात तो चरा एकदा आडवा येत होता. तानपुऱ्याच्या नादाखाली ती टिकटिक झाकली गेली होती. डिस्क साबणाच्या पाण्याने धुतली, मध्यापासून कडेकडे पुसली आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये सिक्युअर मोडने, म्हणजे वाचलेले पुन्हा पुन्हा पडताळत, वाचली, तेव्हा दोन्ही वाचनांचे चेकसम जुळले आणि ॲक्युरेटरिपमधल्या नोंदीशीही जुळले.

आता बहुमताविषयी. लोक मत देतात तेव्हा एकच चूक सगळे मिळून करू शकतात. पण माझ्या डिस्कवरचा चरा आणि दुसऱ्या कुणाच्या डिस्कवरचा चरा वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून दोघांच्या चुकलेल्या प्रती एकमेकींशी जुळणे जवळजवळ अशक्य असते. ३२ बिटांचा चेकसम योगायोगाने जुळण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक आहे. म्हणून तिथे शंभर नोंदी असण्याची गरज नाही, दुसऱ्या डिस्कवरून आलेली एखाददुसरी नोंदही पुरते. अपवाद एवढाच, की कारखान्यातच सदोष छापल्या गेलेल्या डिस्क सगळीकडे तीच चूक दाखवतील.

एमपी३ पुरेसे आहे, असे आपण जाता जाता म्हटले आहे. ऐकण्यासाठी असेलही. पण विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो आणि तानपुरा मात्र चालूच असतो. एमपी३ फाइलला सुरुवातीला आणि शेवटी रिकामे सॅम्पल जोडले जातात, त्यामुळे अनेक प्लेअरवर नेमका तिथे खंड पडतो. फ्लॅक या लॉसलेस फाइल-प्रकारात हे होत नाही, शिवाय मूळ आवाजाचा चेकसम फाइलमध्येच राहतो, त्यामुळे दहा वर्षांनीही ती फाइल तपासता येते.

पाऊण तास फक्त खराब डिस्कला लागतो. स्वच्छ डिस्क काही मिनिटांत होते. आपल्याकडे घरगुती मैफलींच्या काही सीडी-आर (घरी रेकॉर्ड करता येणाऱ्या सीडी) आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यांच्या नोंदी कोणत्याही डेटाबेसमध्ये सापडणार नाहीत आणि त्यांवरचा रंगद्रव्याचा थर उजेडाने व दमटपणाने खराब होत जातो. बाजारातून घेतलेल्या सीडी थांबू शकतात. या मैफली आधी घ्या, दोन वेगवेगळ्या ड्राइव्हमधून काढा आणि चेकसम जुळल्याशिवाय मूळ डिस्क टाकू नका. काही अडले तर जरूर कळवा. प्रोग्रॅमने प्रत काढताना लिहिलेली लॉग फाइल पाठवलीत तर मी स्वतः बघेन.