सीडी३४ पॉझिटिव्ह असूनही डर्मॅटोफायब्रोमा कसा?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सीडी३४ आणि फॅक्टर १३ए हे मार्कर, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून गाठ ओळखायच्या खुणा. तुम्ही विचारता, सीडी३४ पॉझिटिव्ह म्हणजे डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स, म्हणजे डीएफएसपी हा त्वचेचा कर्करोग, आणि फॅक्टर १३ए पॉझिटिव्ह म्हणजे डर्मॅटोफायब्रोमा ही त्वचेतली निरुपद्रवी गाठ, असं मीच लिहिलं होतं. मग तुमच्या भावाच्या रिपोर्टात 'सीडी३४ फक्त काठाशी पॉझिटिव्ह' असं लिहून निदान डर्मॅटोफायब्रोमाचं का? पॅथॉलॉजिस्टनं अंग काढून घेतलं, असं तुम्हाला वाटतं.

यात चूक माझीही आहे. ते वाक्य मी फार सरळसोट लिहिलं होतं, आज दुरुस्त केलंय.

पण रिपोर्टातला 'काठाशी' हा शब्द सोडू नका, सगळी मेख तिथंच आहे. सीडी३४ रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही रंगवतं. स्लाइड लावली की मी आधी त्या वाहिन्याच शोधते. त्या तपकिरी दिसल्या तर स्टेन, म्हणजे हा रंग, नीट बसलाय. नसतील तर 'निगेटिव्ह'ला काडीचा अर्थ नाही. मग गाठ. डीएफएसपीत बहुतेक वेळा गाठभर रंग पसरलेला असतो आणि पेशी खालच्या चरबीत शिरून तिची मधाच्या पोळ्यासारखी जाळी करतात. पेशींची दाटी असलेल्या डर्मॅटोफायब्रोमात मधला भाग कोरा आणि कडेलाच थोडा रंग, असं दिसू शकतं. तिथं काठाच्या पेशी कोलॅजनच्या जाड दोऱ्यांना वेढून बसलेल्या असतात, वरची त्वचाही जाडावलेली असते. हे साध्या एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या, स्लाइडवरच दिसतं, आणि मार्कर त्याच्या जोडीनंच वाचायचा असतो. फॅक्टर १३ए तर जास्तच फसवं: निरोगी त्वचेतल्या डेंड्रिटिक, म्हणजे फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या, पेशीही ते रंगवतं आणि त्या कुठल्याही गाठीत मिसळलेल्या असू शकतात.

'मग मार्कर हवेतच कशाला' असंही तुम्ही लिहिलंय, ते मात्र मला मुळीच पटत नाही. डर्मॅटोफायब्रोमा बहुतेकदा नुसता ठेवला तरी चालतो. डीएफएसपी तिथंच पुन्हा उगवतो, म्हणून आजूबाजूची बरीच त्वचा घेऊन काढावा लागतो. माणसाच्या अंगावर किती मोठी जखम करायची, ते या निदानावर ठरतं.

तुमच्या शंकेत तथ्य असेल तर ते दुसरीकडे आहे. तपासायला काढलेला तुकडा वरवरचा असेल, त्यात चरबी आलीच नसेल, तर पेशी खाली शिरल्यात की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. अशा वेळी खोल बायोप्सी मागता येते, किंवा तो तुकडा जपून ठेवलेल्या मेणाच्या ब्लॉकवरच फिश, म्हणजे जनुकांना चमकत्या खुणा लावून बघायची, चाचणी करून सीओएल१ए१ आणि पीडीजीएफबी ही जनुकं जोडली गेलीत का ते पाहता येतं. डीएफएसपीत ती सहसा जोडलेली असतात. रिपोर्टात तुकड्याची खोली किंवा चरबीचा उल्लेख आहे का, तेवढं बघून कळवा.