रात्री पावणेतीनला मी काय वाचत होते

आज सकाळी नऊला एक फोन आला. घरी अटेंडंट पुरवणारी एक कंपनी आहे, नाव घेत नाही. बाबांसाठी म्हणून आठवड्यापूर्वी त्यांच्या साइटवर मी चौकशीचा फॉर्म भरला होता. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, काल रात्री तुम्ही आमचा रेट्सचा मेल तीनदा ओपन केलात. पावणेतीनलासुद्धा. म्हटलं अर्जंट असेल, म्हणून लगेच कॉल केला."

मी गॅसजवळ उभी होते. बाबांची पेज उतू गेली तरी मला कळलं नाही.

पावणेतीनला मी काय करत होते सांगते. बाबांना कुशीवर वळवून, चादर बदलून, त्यांच्या पलंगाच्या कडेला मोबाइलचा उजेड कमी करून बसले होते. बारा तासांचे किती, चोवीस तासांचे किती, पगारात बसतंय का. तीनदा उघडला, कारण तिन्ही वेळा हिशोब जमेना. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत त्या वेळी माझ्याशिवाय कुणी जागं नाही, असं मी समजत होते.

दुपारी ऑफिसमधल्या आयटीच्या मुलाला विचारलं. त्याला यात काहीच नवल वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला. म्हणाला, मेलमध्ये एक चित्र असतं. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका, तोही पारदर्शक. डोळ्यांना दिसतच नाही. ते असतं त्यांच्या सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या मेलमध्ये त्याचा पत्ता वेगळा घातलेला असतो. आपण मेल उघडला की ते चित्र तिथून मागवलं जातं आणि तिकडे नोंद पडते, अमक्या बाईंनी अमुक वाजता उघडला. काही मेल अॅपमधून तर कुठला फोन, साधारण कुठला भाग, हेही कळतं. जीमेल ही चित्रं २०१३ च्या डिसेंबरपासून स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे ठिकाण झाकलं जातं, उघडल्याचं मात्र झाकलं जात नाही. आणि लिंक दाबलीत तर आधी त्यांच्याकडे नोंद, मग पुढचं पान.

म्हणजे मी बाबांच्या उशाशी बसून हिशोब करत होते आणि ते तिकडे वहीत लिहिलं जात होतं.

माझे बाबा पोस्टमन होते. चौतीस वर्षं परळ-लालबागच्या चाळींमधून पत्रं वाटली. रजिस्टर ए.डी. आली की तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचे, कडी वाजवायचे, "सही करा" म्हणायचे. एखाद्या आजीला सही येत नसेल तर शेजाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर अंगठा घ्यायचे. मग ते पोचपावतीचं कार्ड पाठवणाऱ्याकडे परत जायचं. घेणारा नको म्हणाला तर पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा, विषय संपला. पाकीट फोडलं का, किती वेळा वाचलं, मध्यरात्री वाचलं का, हे टपालखात्याने कधी कुणाला विचारलं नाही. चाळीत कुणाच्या घरी कोर्टाची नोटीस आली हे बाबांना माहीत असायचं, पण जेवताना आईलासुद्धा सांगायचे नाहीत. आम्ही मुलं खोदून खोदून विचारायचो, तर म्हणायचे, "दुसऱ्याचं टपाल आहे ते." १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते. तेव्हा ते बोलू शकत होते तरी.

आता मला सांगा, सही घेणारा माझा बाप मागासलेला आणि हे लोक पुढारलेले?

माझी एक मैत्रीण घरगुती मसाले विकते, तीही सणासुदीला असे मेल पाठवते. ती हे वाचेल आणि म्हणेल, अगं, किती लोकांनी उघडला हे कळल्याशिवाय धंदा कसा करायचा? बरं, मान्य. शंभरातल्या किती जणींनी उघडला, मोज बाई. पण कोण, कितीला, कितीदा हे नावानिशी कशाला लागतं? आणि लागलंच तर विचार ना. दार वाजव.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात संमती स्वेच्छेची आणि नीट समजून दिलेली हवी असं लिहिलंय. मी त्या फॉर्मवर बाबांचं वय आणि आजार लिहिला. माझी झोप लिहिली नव्हती.

त्या मुलीवर मी खूप ओरडले. "तुम्हाला लाज वाटत नाही का" इथपर्यंत गेले. ती दोनदा सॉरी म्हणाली आणि तिचा आवाज बारीक झाला. संध्याकाळपासून तेच मनात घोळतंय. तिचं वय असेल बावीस-तेवीस. तिच्या स्क्रीनवर माझं नाव वर आलं असेल, समोर टार्गेट असेल, विरारहून नाहीतर बदलापूरहून लोकलला लटकून आली असेल. तिने ते चित्र मेलमध्ये घातलं नव्हतं. ज्यांनी घातलं ते मला कधी फोन करणार नाहीत. बाळा, तू हे वाचणार नाहीस, पण माझं चुकलं.

जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये जा, 'इमेजेस' समोर बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा असा पर्याय आहे, तो निवडा. मग तो ठिपका आपोआप उतरत नाही. आयफोनच्या मेल अॅपमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून 'मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन' आहे, ते चालू करा. आईवडिलांच्या फोनवरही करून द्या, त्यांना कोण सांगणार? मी आज बाबांच्या खात्यावरही केलं. ते माझ्या हाताकडे बघत होते.

आत्ता साडेअकरा वाजलेत. त्या कंपनीचा अजून एक मेल आलाय, 'आजच ठरवा, खास सवलत'. ठळक अक्षरांत तसाच पडलाय, उघडलेला नाही. उद्यापासून समोरच्या चाळीतल्या वहिनींच्या ओळखीच्या एक ताई येणार आहेत, सकाळी आठ ते रात्री आठ. पैसे त्यांनी तोंडी सांगितले आणि मी तोंडीच हो म्हटलं.