फोटो-एचसाठी फोल्डिंग टूल ‘लागतंच’ म्हणणाऱ्यांना

स्केल मॉडेलिंगमध्ये, म्हणजे रणगाडे-विमानं-जहाजांच्या लहान प्रतिकृती बनवण्याच्या छंदात, नव्याने पडलेल्या माणसाला हल्ली फोटो-एचबद्दल, म्हणजे मॉडेलवर बसवायच्या, रसायनाने कोरलेल्या पातळ धातूच्या पार्टांबद्दल, एक सल्ला हमखास मिळतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण मजकूर तोच: ‘फोटो-एचला हात लावायच्या आधी फोल्डिंग टूल (पत्रा दाबून धरून घडी घालायचं साधन) घ्या. पक्कडीने वाकवलंत तर पार्ट गेलाच समजा. टूल घेताना मोठंच घ्या, लहान कामं त्यावर होतातच. पत्रा आधी गॅसवर तापवून नरम करा. घडी चुकली तर सरळ करून परत वाकवा.’ पाच वाक्यं, आणि पाचही अर्धवट. पहिल्याच किटनंतर बाहेरून टूल मागवून, त्यावर शिपिंग आणि कस्टम ड्युटी भरून बसलेली मंडळी पाहिली, म्हणून हा खटाटोप.

आधी पत्र्याकडे बघू. पितळ, कधी निकेल सिल्व्हर, कधी स्टेनलेस स्टील. जाडी बहुतेक वेळा ०.१ ते ०.२ मिमी. त्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन आकृती उतरवतात आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणाने खाऊन टाकतात. द्रावण दोन्ही बाजूंनी लागलं की पत्रा आरपार कापला जातो, एकाच बाजूने लागलं की साधारण निम्म्या जाडीची खाच पडते. घडीची रेघ म्हणजे हीच खाच. म्हणजे कुठे वाकायचं हे पत्र्याला कारखान्यातच सांगून झालेलं असतं. आपल्याला फक्त रेघेच्या अलीकडचा भाग सपाट आणि घट्ट धरायचा असतो. धरणार कशाने, एवढाच वाद आहे.

तर ‘टूल लागतंच’. कशाला? पॅन्झर ४ या जर्मन रणगाड्याचे शुर्त्सेन घ्या, १९४३ पासून रणगाड्याच्या कुशीला टांगलेले ते पातळ पत्रे. खरे ५ मिमी जाडीचे होते. १/३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शात, त्याचे होतात ०.१४ मिमी, म्हणजे नेमकी फोटो-एचची जाडी. प्लॅस्टिकमध्ये इतकं पातळ ओतणं अवघड, म्हणून तर हा सेट लोक घेतात. आणि त्या पत्र्यांना करायचं काय असतं? कडा जरा मुरडायच्या, एखादा पोचा काढायचा. ते बोटांनी होतं. १/४८ विमानातले सीट बेल्ट चिमटा आणि टूथपिकने बसवायचे असतात, आणि ते काटकोनात सरळ वाकले तर उलट वाईट दिसतात. जहाजाच्या नाळेवरचं रेलिंग गोलाईत जातं. ते ड्रिल बिटच्या दांड्यावरून जुन्या माउस पॅडवर हलकेच लाटलं की वळतं. फोल्डिंग टूलला यातलं काहीच जमत नाही, कारण ते सरळ रेघेसाठीच बनलंय.

सरळ रेघेसाठीसुद्धा काचेचा तुकडा, स्टीलची पट्टी आणि दाढीचं पातं यांत बरंच भागतं. खाच वर येईल असा पार्ट काचेवर ठेवा, पट्टीची कड रेघेला लावून दाबा, मोकळ्या बाजूखाली पातं सरकवा आणि एका दमात उचला. खाच घडीच्या आतल्या बाजूला येते. सूचनापत्रकात वेगळं काही सांगितलेलं नसेल तर नेम हाच. पातं मात्र घडीपेक्षा लांब हवं, नाहीतर पार्ट पिळवटतो. कटिंग मॅटवर हा उद्योग करू नका, ती दबते आणि पार्टही तिच्यासोबत दबतो. फ्रेटमधून, म्हणजे सगळे पार्ट ज्या चौकटीत जोडलेले येतात त्या पत्र्यातून, पार्ट कापतानाही काच किंवा टाइलच बरी.

पक्कडीची बदनामी कुठून आली हे कळतं. घरातल्या पक्कडीला दात असतात, आणि पितळेवर ते छापल्यासारखे उमटतात. पण सगळ्या पक्कडी तशा नसतात. तामिया ही जपानी मॉडेल कंपनी स्वतः फोटो-एच वाकवण्यासाठी पक्कड विकते; तिचे जबडे सपाट, गुळगुळीत. तसल्याच बिनदाती चपट्या तोंडाच्या पक्कडी सराफ बाजाराच्या आसपास, सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत मिळतात. घेताना दुकानातच तोंड मिटवून उजेडासमोर धरा. जबड्यांच्या मधून फट दिसली तर दुसरी मागा. पक्कडीची मर्यादा एकच, पण ती खरी आहे: घडी जबड्यापेक्षा लांब असली की ती टप्प्याटप्प्याने वाकते आणि कड लाटांसारखी होते. तिथे पट्टी-पातं, नाहीतर टूल.

आता ‘मोठंच घ्या’. या वाक्याने सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

टूल म्हणजे खाली सपाट पाया, वर स्क्रूने आवळायचा जबडा, आणि त्या जबड्याला एका बाजूने सलग धार, दुसऱ्या बाजूने वेगवेगळ्या रुंदीची बोटं. ही बोटंच टूलचा खरा जीव. १/३५ रणगाड्याची सामानपेटी घ्या: तळ, चार भिंती, भिंतींच्या कडांना इवल्या पट्ट्या. आधी त्या पट्ट्या वाकवायच्या, कारण भिंती उभ्या राहिल्यावर तिथे काहीच पोचत नाही. मग समोरासमोरच्या दोन भिंती. आता उरलेल्या दोन उचलायच्या तर तळाला दाबून धरणारं बोट उभ्या भिंतींच्या मधे मावलं पाहिजे. पेटी १२ मिमी रुंद आणि तुमच्या टूलचं सगळ्यात अरुंद बोट १५ मिमीचं असेल, तर टूल वीतभर लांब असून उपयोग काय? विकत घेताना लांबी विचारतात सगळे, बोटांची रुंदी कोणी विचारत नाही.

लांबीचं म्हणाल तर तुमच्या किटमधली सगळ्यात लांब घडी मोजा. १/७२ विमानं करणाऱ्याला लांब टूलची गरज क्वचितच पडते. १/३५ चे मडगार्ड किंवा १/३५० च्या जहाजाचे लांब पॅनेल करणाऱ्याला पडते, आणि त्याने खुशाल घ्यावं. हातभर लांब ‘एल’ किंवा ‘यू’ आकार पट्टीने धरत बसण्यात काही शहाणपण नाही. फक्त मधे एकच स्क्रू असलेलं लांब टूल टोकांना ढिलं धरतं, एवढं तपासून घ्या.

तापवण्याबद्दल. नरम केलेलं पितळ गोलाईसाठी उत्तम: वळणदार मडगार्ड, तोफेच्या नळीभोवतीची पट्टी. सरळ घडीला त्याची गरज नाही, खाच आहे की. उलट सगळी फ्रेट तापवलीत तर रेलिंगचे खांब श्वास लागला तरी वाकतात. गॅसच्या ज्योतीत इतकं पातळ पितळ वितळूही शकतं, तेव्हा अंधूक उजेडात काम करा आणि मंद लाली दिसताक्षणी बाजूला घ्या. स्टेनलेसला तेवढ्या तापाने काही होत नाही, नुसतं काळं पडतं. रंगवून आलेले पार्ट तापवायचा प्रश्नच नाही.

राहिलं ‘सरळ करून परत वाकवा’. पितळ प्रत्येक वाकवणीला कडक होत जातं, आणि घडीवर जाडी आधीच निम्मी. एकदा उलगडलं तर बहुधा निभावतं, त्यापुढे रेघेवरच तडा जातो. म्हणून पहिल्याच वेळी नव्वदच्या किंचित पुढे न्यायचं, म्हणजे पत्रा मागे येऊन काटकोनात थांबतो. तुटलाच तर फेकू नका. दोन्ही तुकडे काटकोनी ठोकळ्याला टेकवा आणि आतल्या बाजूने सुपरग्लू किंवा सोल्डरची बारीक रेघ द्या. बाहेरची कड पुष्कळदा वाकवलेल्यापेक्षा जास्त धारदार येते.