हळद-दुधाच्या त्या फॉरवर्डबद्दल
"रोज हळद-मिरी घातलेलं दूध प्या, गुडघेदुखीच्या गोळ्या बंद करा" असा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे. हळदीतल्या करक्युमिन या घटकाने गुडघ्यांना थोडा आराम पडतो असं काही चाचण्यांत दिसलंय, पण तिथे दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आसपास अर्क देतात आणि आपल्या चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत जेमतेम 100 मिलिग्रॅम करक्युमिन निघतं, त्यातलंही बरंचसं अंगी न लागताच बाहेर पडतं. मिरीने ते जास्त शोषलं जातं हे खरंय. पण म्हणून हळदीच्या अर्काच्या मिरीवाल्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका प्लीज, त्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच. भाजीत, दुधात चिमूटभर हळद बिनधास्त घाला, गोळ्या मात्र बंद करू नका.