‘वैयक्तिक माहिती’ नेमकी कोणापासून जपायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

निवृत्त कर्मचारी असलेल्या एका बाईंना त्यांच्याच सेवा पुस्तिकेची (नोकरीतील नोंदींच्या वहीची) नकल नाकारली गेली, या माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपली सारी नोकरी इथेच, इंदूरच्या शासकीय कार्यालयांत झाली असल्याने टेबलाच्या पलीकडून हा विषय कसा दिसतो ते आपण अधिकाराने सांगू शकता. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: सहकाऱ्यांच्या भानगडी उकरून पैसे उकळणाऱ्या अर्जदारांकडे मी काणाडोळा केला, नोव्हेंबर २०२५ पासून कायदाच बदलल्याने हा वाद संपला आहे, बाबू लोक दुष्टपणाने नव्हे, तर भीतीपोटी नकार देतात, आणि स्वतःचे कागद हवे असतील तर साधा अर्ज पुरेसा असताना माहितीच्या अधिकाराचा बडगा कशाला उगारायचा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे, पण तो या प्रकरणाला लागू होत नाही. असे अर्जदार आहेत, आणि त्यांना रोखण्याची सोय कायद्यात सुरुवातीपासून आहे. २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमातील, वैयक्तिक माहिती देण्यातून सूट देणारे कलम ८(१)(ञ) त्यासाठीच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात कर्मचाऱ्याला मिळालेल्या नोटिसा, त्याची मालमत्ता, आयकर विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती ठरवली आणि व्यापक जनहित सिद्ध झाल्याशिवाय ती तिसऱ्या माणसाला देता येणार नाही असे सांगितले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. या सर्व निर्णयांत एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे मागणारा एक आणि ज्याची माहिती आहे तो दुसरा. आमच्या बाईंच्या अर्जात हे दोघे एकच होते, तरीही विभागाने त्यांना तेच ठरीव वाक्य पाठवले: ‘चाही गई जानकारी व्यक्तिगत है, अतः प्रदान नहीं की जा सकती.’

माझा सगळा आक्षेप या एका वाक्यावर आहे. माहिती वैयक्तिक आहे हे खरेच; पण ती कोणाची आणि मागतो कोण, हा प्रश्न त्या नोटशीटवर कोणी विचारल्याची खूण नाही. बँकेने खातेदाराला त्याचेच पासबुक ‘गोपनीय’ म्हणून नाकारावे, तसा हा प्रकार झाला. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केले आहे. आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तर २०१८ मध्ये याच्याही पुढे जाऊन, पत्नीला पतीचे वेतन ‘तिसऱ्या व्यक्तीची माहिती’ म्हणून नाकारता येणार नाही असे म्हटले. तो निर्णय सर्वांना पटेलच असे नाही, मलाही त्याबाबत शंका आहेत. परंतु मागणाऱ्याचे त्या माहितीशी नाते काय, हे न्यायालयाने आधी पाहिले, आणि विभागाने नेमके तेच पाहिले नाही.

आता २०२५ च्या बदलाकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतील सर्वांत वजनदार मुद्दा तोच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने कलम ८(१)(ञ) मधील अटी काढून टाकल्या. सार्वजनिक कामाशी संबंध नसणे, खाजगीपणात अकारण हस्तक्षेप होणे, या कसोट्या गेल्या. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे परंतुकही (कलमाला जोडलेली पुरवणी अट) गेले. आता तेथे केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. हा बदल मला मुळीच रुचलेला नाही. पण तो जसा आहे तसा मानला, तरी वाद संपत नाही. कलम ८(१) ची सुरुवात ‘माहिती देण्याचे बंधन असणार नाही’ अशी आहे. ती देण्यास मनाई आहे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. जनहित अधिक मोठे असल्यास सूट बाजूला ठेवण्याची मुभा देणारे कलम ८(२) जागेवरच आहे. शिवाय ही सूट ज्या व्यक्तीच्या रक्षणासाठी आहे, तिच्याच विरुद्ध ती वापरणे म्हणजे कायद्याचा हेतू उलटा करणे होय.

आपण लिहिता की नव्या कायद्याने स्वतःचा डेटा मिळवण्याचा वेगळा मार्ग दिला आहे. तो मार्ग बाईंच्या कितपत कामाचा आहे, ते बारकाईने पाहावे लागेल. आपल्या डेटाची माहिती मागण्याचा, त्या कायद्यातील कलम ११ चा अधिकार नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनंतर दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचा आहे. तो मुख्यतः संमती देऊन सोपवलेल्या डेटापुरता आहे. आणि हा कायदा डिजिटल स्वरूपातील किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू होतो. कपाटावरच्या बस्त्यात बांधलेली, क्रमोन्नतीच्या (ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीच्या) नोंदी हाताने केलेली सेवा पुस्तिका त्याच्या कक्षेबाहेरच राहते. म्हणजे जुने दार अरुंद केले आणि नवे दार बाईंच्या बस्त्यापर्यंत पोचतच नाही.

साधा अर्ज बाईंनी अगोदर दिलाच होता. त्याची आवक नोंद झाली आणि पुढे काहीही झाले नाही. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये देशात सर्वांत आधी लोकसेवा हमी कायदा केला याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, पण त्यातील मुदती अधिसूचित सेवांनाच लागू होतात. माहितीच्या अधिकारात मात्र ३० दिवसांची मुदत आहे, कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात, आणि कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर नसून अधिकाऱ्यावर असते. यात बडगा कसला?

एका बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. सेवा पुस्तिका घ्यायला आलेली व्यक्ती तीच आहे याची खात्री केल्याशिवाय ती हातात देऊ नये. कलम ६(२) अर्जदाराला मागणीचे कारण किंवा संपर्कापलीकडचा तपशील विचारू देत नाही, तरी स्वतःचा अभिलेख नेताना ओळखपत्र दाखवावे लागले तर कोणाची तक्रार असू नये. त्या बस्त्यात इतरांची नावे, ज्येष्ठता यादी, कोणाचे आजारपण असेल, तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून उरलेले देता येते. यासाठी पाने उलटावी लागतात, आणि मला वाटते खरी अडचण तेथेच आहे.

भीतीविषयी म्हणाल, तर ती चुकीच्या बाजूला आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कलम २१ चे संरक्षण आहे. वाजवी कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्याला मात्र कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तसेच अर्जदाराच्या खाजगीपणाबद्दल हीच दक्षता का दिसत नाही? अर्ज दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी ज्याच्या कामाची माहिती मागितली त्या ठेकेदाराचा फोन अर्जदाराला येतो, हे आपणही ऐकले असेलच. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अर्जदाराला घराच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स क्रमांक देण्याची मुभा मान्य केली, ती अशाच धोक्यामुळे.

बाईंनी आता काय करावे, असे आपण शेवटी विचारले आहे. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, ५० रुपये शुल्क भरून, त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येते. त्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा, आणि तो विरुद्ध गेला तर ९० दिवसांत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे जाता येते. अपिलात कायद्याचा कीस काढण्याची गरज नाही. मागितलेली माहिती अर्जदाराची स्वतःचीच आहे, आपण ओळखपत्र दाखवायला तयार आहोत, आधी सेवा पुस्तिकेचे निरीक्षण करू द्यावे आणि निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती प्रति पान २ रुपये दराने द्याव्यात, एवढे लिहिले की पुरे. त्याचा हिंदी मसुदा मी त्यांना करून दिला आहे. आपल्या अनुभवी नजरेखालून तो एकदा गेला तर बरे होईल.