ॲट गेला कुठे?

संगणक साफ बंद पडला तर परवडतं. चार शिव्या घालाव्यात, दुरुस्तीला टाकावा, मोकळं व्हावं. पण माझ्या संगणकाची सगळी अक्षरं शहाण्या मुलासारखी उमटत होती, बंड केलं होतं ते फक्त चिन्हांनी. शिफ्ट धरून २ दाबलं, की ॲटऐवजी (@) दुहेरी अवतरणचिन्ह. ३ दाबलं, की हॅशऐवजी (#) पाउंड (£). पाउंड! मला आयुष्यात कुणी पाउंडात पैसे दिलेले नाहीत.

पत्र लिहिताना हे निदान दिसतं तरी. पासवर्डात दिसत नाही. तिथे सगळ्याचे काळे ठिपके होतात, आणि चुकीचा ठिपका बरोबर ठिपक्यासारखाच दिसतो. 'पासवर्डात एक तरी विशेष चिन्ह हवंच' असा दंडक घालणाऱ्यांनी ते उमटेल याची हमी घ्यायला नको का? १९७१ मध्ये अमेरिकन अभियंते रे टॉमलिन्सन यांनी ईमेलच्या पत्त्यासाठी ॲट निवडला, कारण तो कुणाच्या नावात नसतो. माझ्या तर कीबोर्डातही नव्हता. जुन्या मेलमधला ॲट कॉपी करून मी दिवस ढकलत होतो.

सल्ले भरपूर आले. भाचा म्हणाला, "मामा, रिस्टार्ट करून बघितलंस?" एका सहकाऱ्याने कीबोर्ड उलटा धरून ठोकायला सांगितला. त्यातून बिस्किटाचा चुरा, एक स्टेपलरची पिन आणि अर्धं नख पडलं. (नख माझं नव्हतं.) ॲट काही पडला नाही. दुरुस्तीवाल्याने लांबूनच निदान केलं, "कीबोर्ड गेला." नवा आणला. तोही तसाच!

मग उलगडा झाला. कीबोर्डाला अक्षर-चिन्ह काही कळत नाही. तो बापडा फक्त कुठली कळ दाबली तिचा क्रमांक कळवतो. त्याचं काय करायचं ते विंडोज आपल्या तक्त्यात, म्हणजे कुठल्या कळीला कुठलं चिन्ह या यादीत, बघून ठरवतं. कळांवरची छपाई अमेरिकन होती, तक्ता ब्रिटिश. त्यात ॲट एंटरच्या शेजारी, अवतरणचिन्हाच्या कळीवर राहतो. हॅश उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर. संगणकात एकाहून जास्त तक्ते असले, तर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबले गेले तरी तक्ता बदलतो, म्हणून आधी संशय घरातल्या सगळ्या बोटांवर गेला.

सेटिंगमध्ये जाऊन ब्रिटिश तक्ता काढायला गेलो, तर काढायचं बटण फिकट. म्हणजे बोटं निर्दोष: तक्ता एकच होता, आणि एकुलता एक तक्ता काढता येत नाही. आधी दुसरा नेमा, मग पहिल्याला निरोप द्या. सत्तांतराची रीत पाळून अमेरिकन नेमला, ब्रिटिश घालवला, आणि शिफ्ट-दोनवर ॲट उमटला. मी तो ओळभर टाइप केला.

लॉगिनच्या पडद्यावर मात्र इंग्रज अजून ठाण मांडून आहेत. त्याचा तक्ता वेगळा असतो. तो बदलायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो, आणि त्यात, माझी दूरदृष्टी बघा, ॲट आणि हॅश दोन्ही आहेत.