रंग नको म्हणजे तुकडा नको, असं नव्हे

नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: "बायोप्सी विसरा! रंग न घालता, सुई न टोचता शरीरातली एकेक पेशी दाखवणारा लेझर आला. रेडिएशन शून्य, धोका शून्य. हा आपल्या सी. व्ही. रामन यांचाच शोध. बायोप्सीने कॅन्सर पसरतो, डॉक्टरांना ठाम नाही म्हणा." एरवी मी असल्या गोष्टी वाचून सोडून देतो. पण मावशीच्या स्तनात गाठ लागलीय आणि तिने फोन करून विचारलं, "अरे, मग मी थोडं थांबू का?" म्हणून हे लिहितोय.

"रंग न घालता पेशी दिसतात." हे खरं आहे, आणि मला स्वतःला याचं फार अप्रूप आहे. पेशीच्या ऊर्जेच्या हिशेबात एनएडीएच नावाचा रेणू असतो. योग्य प्रकाश पडला की तो आपला आपणच निळसर चमकतो. कोलॅजेनची, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणाऱ्या तंतुमय प्रथिनाची, तऱ्हा वेगळी: ८०० नॅनोमीटरचा लेझर सोडला तर त्यातून ४०० नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर येतो, तरंगलांबी बरोबर निम्मी. कातडीच्या कन्फोकल मायक्रोस्कोपीत (लेझरने एका वेळी एकाच पातळ थराचं चित्र घेण्याची पद्धत), ज्यावर मिलिंद राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा शोधनिबंध आजही पायाभूत मानतात, मेलॅनिन हे कातडीचं काळं रंगद्रव्य प्रकाश परत फेकतं. म्हणजे डोळ्यांना काळा दिसणारा तीळ पडद्यावर पांढराशुभ्र उजळतो!

पण त्यामुळे रंगाची गरज संपत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात ओसीटी, म्हणजे प्रकाशाने केलेलं डोळ्याचं स्कॅन, करून घेतलेल्यांना ठाऊक असेल, हनुवटी टेकवायची, खुणेकडे बघायचं, काही सेकंदांत डोळ्यातल्या पडद्याचे (रेटिनाचे) थर दिसतात. इंजेक्शन नाही. तरीही रक्तवाहिनी गळतेय का हे थेट बघायचं असेल, तर डॉक्टर हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन हा पिवळा रंग देतात, कारण गळणारा रंगच गळती दाखवतो.

"शरीरातली एकेक पेशी." इथे मेसेज साफ घसरतो. रात्री दिवा मालवून मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून बघा. बोट लालभडक होतं, म्हणजे प्रकाश आरपार येतोय. पण हाडाची कड कुठे दिसते का? नाही. वाटेतल्या पेशी, तंतू, चरबी यांवर आपटून प्रकाश इतका विखुरतो की पलीकडे उजेड पोचतो, चित्र पोचत नाही. या साऱ्या तंत्रांची लढाई याच विखुरण्याशी आहे. कातडीच्या कन्फोकल मायक्रोस्कोपीची मजल साधारण पाव मिलिमीटर. २०२४ च्या अखेरीस एमआयटीच्या संशोधकांनी जिवंत ऊतीत ०.७ मिलिमीटरहून खोल बघून दाखवलं तेव्हा त्याची बातमी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आधी ही मजल ०.२ मिलिमीटरच्या आसपास होती. पण ते काम प्रयोगशाळेत तयार केलेल्या मानवी ऊतीवर झालं. आणि ०.७ मिलिमीटर म्हणजे किती? खिशातलं एटीएम कार्ड काढा, ते त्याहून किंचित जाडच असतं. मावशीची गाठ बोटांना लागते ती याच्या कितीतरी खाली. डोळ्यात ओसीटी खोलवर पोचतं, कारण डोळा मुळातच पारदर्शक. एंडोस्कोपच्या टोकाला भिंग बसवून आत जाता येतं, पण मग नळी घालावीच लागते.

"बायोप्सीची गरज नाही." रंगाविना सूक्ष्मदर्शनाचं एक गाजलेलं यश मेंदूच्या गाठींचं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७८ रुग्णांचे नमुने होते. लेझरचं चित्र आणि संगणकाचं निदान मिळून अडीच मिनिटांच्या आत उत्तर, अचूकता ९४.६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांची ९३.९. झकास. पण हे नमुने आले कुठून? सर्जनने कवटी उघडून काढलेले तुकडे होते ते. वाचला तो रंगवण्याचा आणि गोठवून काप घेण्याचा वेळ. "रंग नको" हे वाक्य फॉरवर्ड होता होता "तुकडा नको" झालं, सगळा घोळ एवढाच.

"रेडिएशन शून्य, धोका शून्य." क्ष-किरण नाहीत, हे बरोबर. पण लेझरची ताकद वाढवली की पेशी भाजते, म्हणून प्रत्येक यंत्राला मर्यादा घातलेली असते.

रामन यांच्याबद्दल थोडक्यात: १९२८ चा रामन परिणाम (रेणूंवर विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो तो) कोलकात्यातला, १९३० चं नोबेलही त्यासाठीच. मेंदूच्या गाठींचं तंत्र त्याच घराण्यातलं, पण त्यातली उद्दीपित रामन प्रक्रिया, म्हणजे दोन लेझर वापरून तोच परिणाम बळकट करणं, कितीतरी नंतरची, आणि ती सूक्ष्मदर्शकाला २००८ मध्ये हार्वर्डमध्ये जोडली गेली. एनएडीएचची चमक किंवा ओसीटी यांचा रामन परिणामाशी संबंध नाही.

राहिलं सर्वांत घातक वाक्य: "बायोप्सीने कॅन्सर पसरतो." सुईच्या वाटेवर पेशी सांडणं घडतं, पण क्वचित, यकृताच्या गाठीत थोडं जास्त. ते डॉक्टरांना ठाऊक असतं. अंडकोषाच्या संशयित गाठीत सुई घालत नाहीत ते म्हणूनच. स्तनाच्या गाठीत सुईची बायोप्सी ही रोजची, प्रस्थापित तपासणी आहे. आणि ती फक्त "कॅन्सर आहे की नाही" एवढ्यासाठी नसते. ईआर, पीआर, हर-टू या गाठीच्या पेशींतल्या, कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या खुणा पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, यावर गोळ्या की इंजेक्शन ते ठरतं. त्यासाठी कापांवर अँटिबॉडी घालून परत रंगवावंच लागतं. उरलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवतात. परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर गावाकडून आलेली माणसं बघा, फायलीसोबत ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन आलेली असतात, दुसऱ्या डॉक्टरला तोच तुकडा पुन्हा तपासता यावा म्हणून. मावशीला मी एवढंच सांगितलं, तारीख पुढे ढकलू नकोस, आणि रिपोर्टबरोबर ब्लॉकही मागून घे.